अमरीकावालीची खापरपणजी

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी कोडं घातलं की त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी होते. उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघतं, त्यामुळे ही खोड मोडायची गरज कुणाला वाटली नाही. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मात्र या खोडीपायी मी एका भल्या बाईच्या खापरपणजीचा पार घोळ करून ठेवला. आणि खरं सांगते, तो घोळ घालताना मला जेवढी मजा आली तेवढी एम.ए.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हाही आली नव्हती.

ती भली बाई आमची भाडेकरू होती. चाळिशीची, उंच, खांद्यावर कायम एक झोळी, अमेरिकेहून बनारसला तबला शिकायला आलेली. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली तिला दिली होती. गल्ली तिला अमरीकावाली म्हणायची, मी दीदी म्हणायचे. तिचं हिंदी पुस्तकातून उचललेलं. भाजीवाल्याला ती म्हणायची, "कृपया मुझे आधा किलो आलू प्रदान कीजिए," आणि तो बिचारा हात जोडून दोन बटाटे जास्त टाकायचा. रोज सकाळी तिचा रियाझ सुरू झाला की बोल धाडधाड जिन्यावरून खाली उतरायचे आणि आईचं लाटणं त्या लयीत चालायचं. दीदी चुकली की पोळी वाकडी व्हायची, असं आईचं म्हणणं होतं.

बाबा तीर्थोपाध्ये. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंची उतरायची सोय करायची, त्यांची श्राद्धं करवायची आणि वह्या सांभाळायच्या, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. वह्या म्हणजे यात्रेकरूंच्या नावांच्या. आलेल्या माणसानं आपलं गाव, आडनाव, वाडवडिलांची नावं, सोबत आलेल्या बायकामुलांची नावं स्वतःच्या हातानं लिहायची. तो लिहीत असताना बाबा तोंडातून शब्द काढत नसत. पुढे पन्नास वर्षांनी त्याचा नातू आला की बाबा फक्त मूळ गाव विचारणार, लाल कपड्यातला नेमका गठ्ठा काढणार आणि आजोबांचं अक्षर समोर ठेवणार. फार जुनं असलं तर ते मोडीत असायचं, मग बाबा वाचून दाखवायचे.

एकदा कराडकडचं एक कुटुंब आलं होतं आणि दीदी कोपऱ्यात चहा पीत बसली होती. बाबांनी पान उघडलं. पन्नाशीच्या त्या गृहस्थांनी आपल्या पणजोबांची वेडीवाकडी सही पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडायला लागले. त्यांचं पाहून दीदीही रडायला लागली, आणि तिला तर काय चाललंय हेही कळलं नव्हतं. मी समजावून सांगितल्यावर ती कप खाली ठेवून तटकन उभी राहिली. "पंडितजी, मेरा भी खोजिए!"

बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मूळ गाँव?"

"ओरेगन."

बाबांनी सगळ्या गठ्ठ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग मला मराठीत म्हणाले, "हिला सांग, या गावाची वही आपल्याकडे नाही. पण तरीकब काढू काही."

तरीकब म्हणजे युक्ती. बाबांनी तरीकब काढू म्हटलं की आई कपाळाला हात लावायची, कारण मग जेवणाच्या वेळा बिघडत. झालंही तसंच. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवायला बसलं तरी अमेरिका, उठलं तरी अमेरिका.

दीदीची गोष्ट अशी होती. तिची खापरपणजी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी नवरा आणि पोरं घेऊन, वर कापडाचं छत असलेल्या बैलगाडीतून, मिसुरीपासून ओरेगनपर्यंत गेली होती. तिकडे तेव्हा ना रस्ता, ना वस्ती. नवरा वाटेत तापानं आडवा झाला तेव्हा तिनं स्वतः बैल हाकले. ही गोष्ट दीदीला तिच्या आईनं सांगितली होती, आणि दीदी लहानपणी कशालाही घाबरली की आई म्हणायची, घाबरतेस काय, तू तिच्या हाडाची आहेस. ती आई आदल्या वर्षीच वारली होती. दीदी मला म्हणाली, त्या एका वाक्याच्या जोरावर मी एकटी विमानात बसले आणि एकटी इथे राहिले. ते वाक्य खरं आहे का, एवढंच तिला हवं होतं. जुलै महिन्यात त्यांच्या सगळ्या गोतावळ्याचा मेळावा भरणार होता आणि तिथे वंशावळ वाचून दाखवायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं.

तिची मावशी तिकडची दप्तरं धुंडाळून झेरॉक्स पाठवत होती. सगळं जुळत होतं, फक्त एका जागी गाडी अडली होती. लग्नाच्या नोंदीत त्या गाडीवाल्याच्या, म्हणजे खापरपणजोबांच्या, बायकोचं एक नाव, आणि पुढे ओरेगनला शिरगणती झाली त्यात बायकोचं नाव दुसरंच. मग थोरली मुलगी, म्हणजे दीदीची पणजी, कुणाची? पहिल्या नावाच्या बाईची, की गाडी हाकून नेणाऱ्या दुसऱ्या नावाच्या बाईची? मावशी सहा महिने यात अडकली होती.

मला सहा सेकंदही लागले नाहीत.

"एकच बाई आहे!" मी ओरडले. "नाव बदललं असणार लग्नात!"

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, की माहेरची ती संपली आणि सासरची सुरू झाली. माझ्या आईलाच दोन नावं. मामाचं पत्र यायचं त्यावर माहेरचं नाव असायचं, आणि नवा पोस्टमन आला की दर वेळी गल्लीत विचारत फिरायचा, ही कोण बाई तुमच्याकडे राहते? मी आईला दंडाला धरून पुढे ओढलं आणि दीदीला जिवंत पुरावा दाखवला. बाबांनी लगोलग दोन-तीन वह्या उघडल्या. एकाच बाईनं मुलगी म्हणून आईबापांबरोबर येऊन एका नावानं लिहिलेलं आणि दहा वर्षांनी सून म्हणून येऊन दुसऱ्या नावानं लिहिलेलं, अक्षर तेच. बाबा म्हणाले, यात नवीन काही नाही, हे नेहमीचंच.

दीदी जरा घुटमळली. त्यांच्याकडे अंगठी नव्हती, तांदूळ नव्हते, आडनाव सोडून काही बदलत नसे. पण मग तिला आठवलं की तिकडे पुष्कळांना दोन नावं असतात आणि कधी पहिलं चालतं, कधी मधलं. तिच्या आजीला तर सगळे मधल्याच नावानं हाक मारत. तिचे डोळे चमकले. तिला पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं, आणि मला पटलं कारण ते माझ्या डोक्यातून निघालं होतं. तिनं मला उचलून गोल फिरवलं. साडेपाच फुटांची मी, पण तिनं उचललं. माझा पाय लागून चहाची किटली आडवी झाली आणि आई म्हणाली, "बस झालं आता, घर डोक्यावर घेतलंत."

मग मी जुनी पाठकोरी कॅलेंडरं खळीनं चिकटवून भलामोठा वंशवृक्ष केला. दोन्ही नावं एकाच वर्तुळात, लाल शाईनं. तो वाळत घातला गच्चीवर आणि माकडांनी खळ चाटायला सुरुवात केली. मी काठी घेऊन धावले, दीदी "कृपया जाइए! कृपया जाइए!" करत किंचाळली आणि माकडं दीदीचे कॅलिफोर्नियातले तीन मामेभाऊ तोंडात धरून बालाजी घाटाच्या दिशेनं गेली. ते मामेभाऊ तिला तसेही आवडत नव्हते, असं तिनं हसता हसता सांगितलं. खापरपणजी शाबूत होती, तेवढं पुरे होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं आसपासच्या सगळ्या मराठी बायका बोलावल्या. रामघाटापर्यंतच्या आल्या. वर आकाशात पतंग, खाली घरात वीसेक बायका आणि मधोमध दीदी, आईची नऊवारी नेसून. मी सगळ्यांना बैलगाडीची गोष्ट सांगितली. दोन नावांचा मुद्दा आला आणि जो काही कल्ला झाला! जी ती आपलं माहेरचं नाव सांगायला लागली. एकमेकींना वीस-वीस वर्षं ओळखणाऱ्या बायकांना ती नावं पहिल्यांदा कळत होती. एकीला तर स्वतःचं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागलं आणि मग तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली. शेवटी दीदीला उखाणा घ्यायला लावला. तिचं लग्न झालेलं नव्हतं, तर ठरलं की तिनं खापरपणजीच्या वतीनं खापरपणजोबांचं नाव घ्यावं. आमच्या शेजारच्या काकूंनी ओरेगनला जोगन असं यमक जुळवून दिलं, दीदीनं ते तबल्याच्या बोलांसारखं म्हटलं आणि बायका हसून हसून एकमेकींवर कोसळल्या. दुसऱ्या दिवशी दीदीनं मावशीला पत्र टाकलं. कोडं सुटलं, मी तिचीच.

मावशीचं उत्तर होळीच्या आधी आलं. जाडजूड पाकीट. मी पोस्टमनच्या हातातून घेऊन तीन-तीन पायऱ्या चढत वर गेले. दीदीनं ते फोडलं, वरचा कागद वाचला आणि पलंगावर बसली. तो एका थडग्याच्या दगडाचा फोटो होता. मावशीनं पत्रात कळवलं होतं की मिसुरीतल्या एका चर्चच्या मागे तो सापडला. दगडावर पहिलं नाव होतं. अमक्याची पत्नी, वय बावीस, मागे एक मुलगी. मृत्यूचं साल बैलगाडी निघाली त्याच्या दोन वर्षं आधीचं.

म्हणजे बायका दोन होत्या. पहिली गेली, त्यानं दुसरी केली, आणि गाडी हाकणारी ती दुसरी. दीदीची पणजी पहिलीची. गाडी हाकणारीच्या रक्ताचा दीदीच्या अंगात एक थेंब नव्हता.

"फिर मैं किसकी हूँ?" दीदीनं विचारलं. तिनं पाकीट तसंच माझ्या हातात कोंबलं आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस तबला बंद. खाली पोळ्या लाटायला लय नाही. आईनं मला धारेवर धरलं. "तुला कोणी पुछलं होतं का? आपलं तांदळाचं ताट साऱ्या दुनियेत असतं असं वाटलं तुला! त्या पोरीचं तोंड बघ, अन्नावर वासना नाही." बाबांना ती काही बोलली नाही, पण त्यांच्या पानात वाढताना पळी जोरात आपटत होती. बाबाही गुमान जेवत होते. वह्या त्यांनीच उघडून दाखवल्या होत्या ना!

चौथ्या दिवशी मी ते पाकीट नीट पाहिलं. आत आणखी एक कागद होता, दीदीनं न पाहिलेला. एका जुन्या रोजनिशीच्या पानाचं झेरॉक्स, इतकं फिकट की नुसते धुरकट फरकाटे. मावशीनं चिठ्ठी जोडली होती: ही गाडी हाकणारीच्या हातची रोजनिशी, पान स्नेक नदीच्या काठचं, त्या वसंतात तिला झालेलं बाळ तेव्हा अगदी तान्हं. पुढचं कुणाला लागत नाही. तुझ्या त्या पंडितांना दाखव, तू त्यांचं फार कौतुक लिहितेस.

बाबांचं इंग्रजी रेल्वेच्या आरक्षणाच्या फॉर्मापुरतं. पण त्यांनी भिंग काढलं, चष्मा पुसला आणि मांडी ठोकून बसले. मोडी लागत नसली की ते करायचे तेच त्यांनी इथे केलं. आधी पानात नक्की असणारा एक शब्द शोधायचा. "नदीचं नाव काय म्हणालीस?" मी स्नेक इंग्रजीत लिहून दाखवलं. बाबांनी पहिल्याच ओळीत ते बरोबर हुडकलं. पाच अक्षरं हाती आली. मग त्या पाच अक्षरांच्या वळणानं बाकी पानभर शोध. बाबा आकार सांगायचे, मी शब्द सांगायचे. "ही बाई उभ्या रेघेला आडवी छेदत नाही, घाईत आहे." "इथं बघ, दौत बदलली." "इथं टाक अडलाय." तीन शब्द लागले की आम्ही टाळी द्यायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची ओळ लागली तेव्हा बाबा "वा, बेटा, वा!" म्हणत उठले आणि त्यांच्या पायाला मुंग्या आल्यामुळे परत बसले.

मी जिन्यात उभी राहून दीदीच्या नावानं बोंब ठोकली. ती खाली आली, डोळे सुजलेले. मी आधी माफी मागितली, एका दमात, आणि मग पान वाचलं. आईसाठी मराठीतही सांगत गेले:

"आज साप नदी ओलांडली. ह्यांचा ताप उतरत नाही, उठवत नाही. माझी मोठी पाण्याला फार भिते, म्हणून तिला आधी पाठीला बांधलं आणि बैलावर बसून पार नेलं. सारा वेळ किंचाळत होती. मग परत आले आणि बाकीचं नेलं."

बाबांनी बोट ठेवलं. "इथं 'माझी'च आहे ना? नीट बघ."

मी भिंगातून पुन्हा पाहिलं. माझीच होतं.

दीदी त्या पानावर वाकली. मग म्हणाली, "किंचाळत होती?" मी म्हटलं, सारा वेळ. "वह डरपोक लड़की... वह मेरी है?" आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. भिंतीला टेकून हसली, खाली बसून हसली. म्हणाली, मला या गल्लीतल्या सांडाची भीती वाटते. माकडांची वाटते. तुमच्या जिन्याची वाटते, नावेत बसायची वाटते, गुरुजींची तर इतकी वाटते की शिकवणीला जाताना त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरते. सहा महिने मी स्वतःला बजावत होते की तू त्या बाईच्या हाडाची, तुला भीती वाटताच कामा नये. मी हसले, बाबा हसले. मंगला गौरीच्या दर्शनाला निघालेल्या दोघी आमच्या दारात डोकावल्या आणि काय झालंय हे न कळताच हसायला लागल्या.

आई तेवढी हसत नव्हती. हातातलं लाटणं तसंच. "तुम्ही सगळे पागल झालात का?" ती म्हणाली. "आणि ते छोटं? ते तान्हं तिनं कुणाजवळ ठेवलं?"

मी पानाकडे पाहिलं. समासात उभी लिहिलेली एक ओळ आम्ही बाजूला ठेवली होती. ती लागली होती, पण तिचं महत्त्व आम्हा दोघा हुशारांच्या ध्यानात आलं नव्हतं. ती वाचली. "बाळ पेटीत, गाडीखाली सावलीला, अलीकडच्या काठावर."

"आणि नवरा तापानं बेहोश," आई म्हणाली. "म्हणजे जवळ कोणी नाही. नदीत हिचं काही झालं असतं तर ते तिथंच राहिलं असतं."

तिनं लाटण्यानं त्या पानाकडे दाखवलं.

"आपलं सख्खं लेकरू काठावर ठेवलं आणि सवतीची पोर पाठीला बांधली," आई म्हणाली. "जा, विचार हिला. आणखी कुणाच्या हाडाची व्हायचंय हिला?"

मी ते हिंदीत सांगायला लागले आणि अर्ध्यावर पान बाबांकडे दिलं. बाकीचं बाबांनी सांगितलं. दीदीचं हसू कधी थांबलं ते मला दिसलं नाही. तिनं उठून आईला मिठी मारली, लाटण्यासकट, आणि स्वतःच्या खांद्याला पीठ लागलं तरी सोडेना.

मग बाबांनी कोरी वही काढली. पहिल्या पानावर गावाच्या जागी ओरेगन लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं. दीदीनं लिहिलं स्वतःचं नाव, आईचं, आजीचं, त्या भित्र्या मुलीचं. त्यानंतर बाविसाव्या वर्षी गेलेल्या तिच्या आईचं, आणि त्याच ओळीत गाडी हाकणारीचं. बाबा लिहिणाऱ्यापाशी बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत. मला मात्र राहवेना. मी विचारलं, मेळाव्यात इतकं सगळं कसं सांगणार?

"इतना ही पढ़ूँगी," ती म्हणाली. "मैं उसकी हूँ, जिसे पहले पार ले जाया गया."